खर्जाची तार ऐकू आली पाहिजे: घरातल्या पहिल्या स्टिरिओबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, आम्ही दोघं नेरुळला सिडकोच्या जुन्या घरात राहतो. मी मार्चमध्ये निवृत्त झालो. जन्मभर गाणं ऐकलं ते आधी ट्रान्झिस्टरवर, मग टू-इन-वनवर आणि आता फोनवर. एकदा नीट स्टिरिओ घ्यायची आहे. साठ हजार बाजूला ठेवलेत. मुलगा म्हणतो साउंडबार घ्या, दुकानदार म्हणतो तेवढ्यात ५.१ होम थिएटर बसेल. आम्ही ऐकतो ख्याल, नाट्यगीतं, अभंग. हॉल १० बाय १४ फूट आहे. काय घेऊ?
एक वाचक, नेरुळ

उत्तर : काका, दोन चांगले स्पीकर आणि एक साधा दणकट स्टिरिओ अँप्लिफायर घ्या. बाकी काही नको.

५.१ म्हणजे पाच स्पीकर, एक सबवूफर (फक्त खालच्या स्वरांचा मोठा स्पीकर) आणि वर त्यांचा अँप्लिफायर. साठ हजारांचे असे सात वाटे केले की एकाही वस्तूला धड न्याय मिळत नाही, आणि तुमच्या नाट्यगीतात मागच्या दोन स्पीकरांना कामही काही नसतं. साउंडबार बातम्यांना, मालिकांना चांगला, संवाद स्वच्छ ऐकू येतात. पण डावं आणि उजवं त्याच तीन फुटी पट्टीत कोंबलेलं असतं. गवई मध्ये, तबला एका अंगाला, पेटी दुसऱ्या अंगाला अशी बैठक त्यातून डोळ्यांसमोर उभी राहत नाही.

पैशांचं म्हणाल तर तेहेतीस-पस्तीस हजार स्पीकरला, अठरा-वीस अँप्लिफायरला, उरलेले स्टँड आणि वायरला. हे प्रमाण उलटं करू नका. दोन बऱ्या अँप्लिफायरांतला फरक कान देऊन शोधावा लागतो, दोन स्पीकरांतला फरक स्वयंपाकघरातून कळतो. फोन अँप्लिफायरला जोडून ऐकायला सुरुवात करा, सीडी प्लेअर वगैरे पुढच्या दिवाळीला बघू. ब्लूटूथवर गाणं थोडं आवळून येतं, म्हणून जमेल तिथे वायरने जोडा. टीव्हीचा आवाजही यातूनच हवा असेल, तर अँप्लिफायरला ऑप्टिकल इनपुट आहे का ते विचारून घ्या.

आता मुख्य गोष्ट, स्पीकर निवडायचा कसा. तुम्ही ख्याल ऐकणारे आहात, त्यामुळे परीक्षा तुमच्या घरातच आहे. वीस वर्षं ऐकलेलं, आलापासकट पाठ असलेलं एखादं पुरुष गायकाचं रेकॉर्डिंग घेऊन दुकानात जा. गाणं सुरू व्हायच्या आधी तानपुरे एकटे वाजत असतात, ते अर्धा-पाऊण मिनिट ऐका. काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीत, गाणाऱ्याचा षड्ज साधारण १३९ हर्ट्झला येतो. तानपुऱ्याची चौथी तार, खर्जाची, त्याच्या बरोबर निम्म्यावर, म्हणजे ६९च्या आसपास. फोनचा किंवा मुठीएवढा ब्लूटूथ स्पीकर ६९ हर्ट्झ जवळजवळ काढतच नाही. तरी आपल्याला तानपुरा ऐकल्यासारखा वाटतो, कारण त्या तारेचे वरचे स्वयंभू स्वर ऐकून कान खालचा स्वर मनानेच भरून काढतो. फरक असा की खर्ज ऐकल्यासारखा वाटतो, पण खोलीत येत नाही. पाच-साडेसहा इंची वूफरचा, म्हणजे खालचे स्वर काढणाऱ्या मोठ्या कोनाचा, चांगला बुकशेल्फ (आटोपशीर आकाराचा) स्पीकर लावला की प, सा, सा असं होऊन चौथी तार छेडली जाते आणि खोलीच्या तळाशी काहीतरी बसल्यासारखं होतं. ती तार पुढची प येईपर्यंत टिकते की धप्पकन वाजून विझते, ते ऐका. नुसतीच घुमत असेल आणि तिचा सूर कळत नसेल, तर तो स्पीकर नको.

यानंतर जुनं मोनो रेकॉर्डिंग लावा. स्टिरिओ घ्यायला जाताना मोनो कशाला, असं वाटेल. पण मोनोमध्ये दोन्ही स्पीकरांना अगदी एकच आवाज जातो, त्यामुळे स्पीकरची जोडी एकसारखी असेल आणि नीट मांडलेली असेल, तर गाणारा दोघांच्या बरोबर मधोमध, मोकळ्या जागेत दिसायला हवा. मी दिसायला म्हणते, कारण तसंच होतं. डोळे मिटलेत तर बोट दाखवता येतं. आपलं जुनं नाट्यसंगीत बहुतेक सगळं मोनोच आहे, तेव्हा हा मधला माणूस तुम्हाला रोज भेटणार आहे. तो फिकट असेल किंवा कधी डावीकडे, कधी उजवीकडे सरकत असेल, तर पुढची जोडी ऐका.

दुकानात एका गोष्टीला जपा. माझ्या वडिलांचं ठाण्यात चरईत रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. मर्फी, फिलिप्स, बुश उघडून बसलेल्या त्या टेबलावर मी सोल्डरिंग शिकले. तरीही १९९६ साली लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला आम्ही एका मोठ्या दुकानातून थ्री-इन-वन घेतला, तो लाऊडनेसचं बटण दाबून, बास आणि ट्रेबल दोन्ही पूर्ण वर नेऊन वाजवलेला. शेजारचा सेट सपाट वाजत होता, आमचा उसळत होता. घरी आणल्यावर बाबा आले, त्यांनी लाऊडनेस बंद केलं, दोन्ही बटणं मधोमध आणली आणि म्हणाले, "आता ऐक, माणूस कुठे आहे?" माणूस कुठेच नव्हता. स्वर नाकातून आल्यासारखा, तबल्याचा डग्गा आणि चाट यांच्या मधलं सगळं गायब. तिसऱ्या पावसाळ्यानंतर वूफरच्या कडेला बोट लावलं तर काळा भुगा हाताला आला. आपल्या दमट हवेत फोमची कड अशीच कुजते. ते पैसे दोन जणांच्या पगारातून सहा महिने साठवलेले होते, आणि ती हळहळ मला अजून आहे.

म्हणून सांगते : टोनची सगळी बटणं मधोमध ठेवून ऐका, दोन्ही जोड्या सारख्याच मोठ्या आवाजात लावायला सांगा, आणि स्पीकरच्या कोनाची, म्हणजे हलणाऱ्या पडद्याची, कड रबराची आहे का ते विचारा. सारख्या आवाजाचा आग्रह सोडू नका. दोन सारख्याच स्पीकरांतला एक किंचित मोठा लावला, तरी कान त्यालाच चांगला म्हणतो, आणि हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. लॅमिंग्टन रोडला जा नाहीतर ठाण्या-वाशीच्या एखाद्या शोरूममध्ये, पण सकाळी दुकान उघडताना जा. गर्दी नसते, कुणी घाई करत नाही. कंपनीच्या नावावर मी इथे वाद घालणार नाही. व्हार्फडेल, क्यू अकूस्टिक्स, यामाहा आणि आपल्या कोलकात्याची सोनोडाइन ही नावं ऐकण्याच्या यादीत असू द्यात आणि निकाल खर्जाच्या तारेवर सोडा.

काका, सर्वात जास्त फरक पाडणारी गोष्ट मात्र फुकट आहे. मांडणी. नव्वद टक्के घरांत मी स्पीकर पाहते ते शोकेसच्या कप्प्यात, एकावर फ्लॉवरपॉट आणि दुसऱ्यावर गणपती. कप्प्यात ठेवलेला स्पीकर कप्प्यासकट वाजतो, डग्गा पिंपासारखा घुमतो. तुमच्या हॉलच्या १० फुटी भिंतीसमोर दोन्ही स्पीकर एकमेकांपासून सहा फुटांवर ठेवा, मागच्या भिंतीपासून निदान दीड-दोन विती पुढे. बसायची जागा सात-आठ फुटांवर. सुतळी घ्या आणि डाव्या स्पीकरपासून तुमच्या नाकापर्यंत, मग उजव्यापासून नाकापर्यंत मापा. दोन्ही अंतरं सारखी हवीत, बोटभरही फरक नको. स्पीकरचा वरचा छोटा कोन कानाच्या उंचीला यावा. खुर्चीवर बसल्यावर कान जमिनीपासून साधारण तीन-सव्वातीन फुटांवर असतो, त्यामुळे दोन-सव्वादोन फुटांचं स्टँड पुरतं. ते विकत घेऊ नका, ग्रिलवाल्याकडून लोखंडी पाइपचं करून घ्या, आत कोरडी वाळू भरा, वर रबराचे चार तुकडे ठेवा.

सात-आठ फुटांवर बसणं जमत नसेल आणि दिवाण मागच्या भिंतीला चिकटलेला असेल, तर तो निदान फूटभर पुढे ओढा. १४ फुटी लांबीत ४० हर्ट्झचा आणि १० फुटी रुंदीत ५६ हर्ट्झचा स्वर आपोआप फुगतो, आणि फुगतो तो भिंतीपाशी सर्वात जास्त. बसणाऱ्याचं डोकं भिंतीला टेकलेलं असेल तर तबलजीने मांडीवर चापट मारली तरी डग्गा वाटेल. दिवाण फूटभर सरकवला की तबला तबल्याच्या जागी जातो.

मग हॉलच्या मध्ये उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागून झर्रर्र असा धातूचा आवाज आला, तर मोकळ्या टाइल्स आणि मोकळ्या भिंती आवाज एकमेकींकडे भिरकावतायत. काकूंची जुनी गोधडी असेलच. तुम्ही ऐकायच्या जागी बसा, काकूंना आरसा बाजूच्या भिंतीला धरून हळूहळू पुढे न्यायला सांगा. ज्या जागी आरशात तुम्हाला स्पीकर दिसेल, त्या जागी गोधडी टांगा. दुसऱ्या बाजूला पुस्तकांचं कपाट असलं तरी चालेल. समोर सतरंजी घाला. पुन्हा टाळी वाजवून बघा आणि मग तेच तानपुरे लावा. मला कळवा काय झालं ते, मी वाट बघेन.

प्रश्न : घोडबंदर रोडला एकविसाव्या मजल्यावर २ बीएचके आहे. आम्हाला १०० वॉटचा अँप्लिफायर घ्यायचाय, मैत्रीण ५० पुरेल म्हणते. ऑनलाइन तर २००० वॉट लिहिलेले सेट त्याहून स्वस्तात मिळतात! खालच्या मजल्यावरचे आजोबा आत्ताच तक्रार करतात. सिस्टीम हॉलमध्ये लावू की १० बाय १० च्या बेडरूममध्ये?
एक वाचक, ठाणे

उत्तर : मैत्रीण बरोबर सांगतेय. ५० वॉटचे १०० केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे कळेल न कळेल इतकाच. स्पीकरच्या कागदावर सेन्सिटिव्हिटी नावाचा आकडा असतो, समजा ८६ डेसिबल. त्याचा अर्थ, एका वॉटमध्ये तो एक मीटरवर ८६ डेसिबल देतो. तेवढ्या आवाजात शेजारच्या माणसाशी बोलायचं तर ओरडावं लागतं. घरात गप्पा मारत ऐकताना तुम्ही एक वॉटसुद्धा वापरत नसता. ढोल, पखवाज असं काही अचानक उसळलं तर क्षणभर शंभरपट लागू शकतं, त्यासाठी ४०-५० वॉट हाताशी असावेत. पण ते ८ ओहमच्या स्पीकरला, सतत देता येणारे, डावा-उजवा दोन्ही चॅनेल एकदम चालवून मोजलेले असावेत. २००० वॉट लिहिलेल्या सेटच्या मागची पट्टी वाचा. वीज किती खातो ते तिथे छापलेलं असतं. ४० वॉट खाणारा सेट २००० वॉट देणार कुठून?

जागा हॉलच. १० बाय १० मध्ये लांबी-रुंदी दोन्ही एकच ५६ हर्ट्झचा स्वर फुगवतात, दोघी मिळून. चौरस खोलीइतकी वाईट खोली नाही.

आजोबांचं सांगते. त्यांना त्रास होतो तो गाण्याचा नव्हे, स्लॅबमधून उतरणाऱ्या धपधपीचा. सबवूफर जमिनीवर ठेवला की तो थेट त्यांच्या छतावर वाजतो. तो घेऊच नका, स्पीकर जमिनीवर न ठेवता स्टँडवर ठेवा आणि खाली जाड रबर घाला. दोघी ऐकायला बसता ती जागा स्पीकरच्या जवळ आणा. सहा फुटांवर बसलात तर बाराच्या मानाने खूपच कमी आवाजात तेवढंच ऐकू येतं. आणि एकदा आजोबांना वर चहाला बोलवा, त्यांच्या आवडीचं काहीतरी लावा आणि एकीने खाली त्यांच्या घरात जाऊन ऐका. नेमकं किती खाली जातं ते कळेल आणि बटणाची खूण दोघांच्या संमतीने ठरेल.

प्रश्न : स्पीकरची वायर हजार रुपये मीटरची घ्यावी असं दुकानात सांगतात. खरंच फरक पडतो? ऐरोली.

उत्तर : नाही. इलेक्ट्रिकच्या दुकानातली दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची दोनपदरी वायर घ्या. पाच मीटरला तिचा अडथळा ओहमच्या दहाव्या भागाच्या आसपास भरतो, आठ ओहमच्या स्पीकरपुढे तो काहीच नाही. वायर जोडताना मात्र लाल लालला, काळी काळीलाच. एका स्पीकरची उलटी लागली तर एक कोन पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो, खर्ज नाहीसा होतो आणि मघाचा तो मधला माणूस खोलीभर पसरतो. नवी सिस्टीम घेऊन निराश झालेल्या तीन घरांत मी गेले, तिन्हीकडे एवढंच झालं होतं. उरलेल्या पैशांत दोन मैफलींची तिकिटं काढा. खऱ्या तानपुऱ्यासमोर बसलेला कान असला की दुकानातला निर्णय सोपा होतो.

प्रश्न : नौपाड्यातलं आमचं जुनं घर पुनर्विकासाला गेलं, तेव्हा माळ्यावर आजोबांची ट्रंक मिळाली. चाळीस-एक जाड, काळ्या तबकड्या आहेत, ७८ लिहिलेल्या, आणि काही एलपी. काहींवर बुरशी आहे. अमेरिकेतला मामेभाऊ तिकडचा जुना टर्नटेबल आणून देतो म्हणतोय, इथे ट्रान्सफॉर्मर लावू म्हणतो. आणू दे का? आणि या तबकड्या पुसू कशाने? प्रत्येक पाकिटावर आजोबांनी शाईने काहीतरी लिहिलंय.
एक वाचक, नौपाडा

उत्तर : पत्र वाचून मी ताबडतोब हे उत्तर लिहायला घेतलं, कारण एक गोष्ट आज सांगितलीच पाहिजे : ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्या फिरणाऱ्या, तबकड्यांना स्पिरिट, सॅनिटायझर, कोलन वॉटर काहीही लावू नका. त्या लाखेच्या आहेत. फर्निचरला पॉलिश करताना सुतार चपडा, म्हणजे हीच लाख, स्पिरिटमध्येच विरघळवतो, तुमच्या तबकडीचीही तीच गत होईल. गाळलेलं किंवा डिस्टिल्ड पाणी, त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, आणि मऊ ब्रश रेघांच्या दिशेने गोल फिरवायचा. मधलं लेबल ओलं होऊ देऊ नका. लगेच साध्या पाण्याने धुवा, मऊ सुती कापडाने टिपा आणि पंख्याखाली उभी ठेवून वाळवा. आडवी ठेवलीत तर उन्हाच्या नुसत्या झळीनेही वाकते. हातातून पडली तर काचेसारखी फुटते, म्हणून हे काम गादीवर बसून करा.

टर्नटेबलबद्दल. ट्रान्सफॉर्मर १२० व्होल्टचा प्रश्न सोडवेल, पण तिकडची वीज ६० हर्ट्झची आणि आपली ५०ची, ती त्याला बदलता येत नाही. जुन्या टर्नटेबलांतल्या पुष्कळशा मोटरी विजेच्या त्या ठेक्यावरच फिरतात. ३३⅓ फेऱ्यांऐवजी तो साधारण २८ फेऱ्या फिरेल आणि काळी एकचा गवई काळी पाचमध्ये, तोही खालच्या, गाऊ लागेल. भावाला मागची पट्टी वाचायला सांगा. १०० ते २४० व्होल्टच्या अॅडॉप्टरवर चालणारा असेल तर अडचण नाही. १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ एवढंच लिहिलं असेल आणि आत एसी मोटर असेल, तर तो तिकडेच राहू दे. त्यापेक्षा इथेच नवा घ्या.

नवा घेताना तीन गोष्टी बघा. त्याला ७८चा वेग हवा, सगळ्यांना नसतो. एलपीची सुई ७८च्या तबकडीला कधीही लावू नका. एलपीची रेघ बारीक आणि ७८ची रुंद, बारीक सुई तळाशी घासत जाते, खरखर वाढते आणि सुईही जाते. ७८साठी वेगळी सुई मिळते, आधी विचारून घ्या की त्या कार्ट्रिजला (सुई धरणाऱ्या भागाला) ती बसते का. तिसरं, सुईतून निघणारा आवाज मिलिव्होल्टमध्ये असतो, म्हणून अँप्लिफायरला फोनो असं लिहिलेलं इनपुट हवं किंवा वेगळा फोनो प्रीअँप. साध्या इनपुटला जोडलंत तर गाणं विहिरीच्या तळातून आल्यासारखं, बारीक आणि कर्कश येईल आणि तुम्हाला वाटेल आजोबांच्या रेकॉर्डीच खराब आहेत.

वाजवताना घाई नको. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची, त्यामुळे त्या काळच्या गवयांनी अख्खा राग तेवढ्यात बसवलाय. बहुतेकदा लांब आलाप नाही, विलंबित नाही, सुई टेकली की थेट बंदिश. पहिल्यांदा ऐकताना ते तोकडं वाटतं. चौथ्यांदा ऐकाल तेव्हा कुठे काय सोडलंय आणि कुठे एका श्वासात काय काढलंय ते उलगडायला लागतं.

पाकिटं टाकू नका. पण तबकड्या त्यांच्यात परतही ठेवू नका, त्या कागदात बुरशी आणि कसर दोन्ही आहेत. नवी पाकिटं घ्या, प्रत्येकावर पेन्सिलीने नंबर टाका. आजोबांची पाकिटं दोन दिवस सावलीत वाऱ्याला ठेवा, मऊ ब्रशने झटका, त्याच नंबराने एका फाइलमध्ये लावा आणि फाइलसोबत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. शाई फिकी व्हायच्या आत प्रत्येक पाकिटाचा फोटो काढून घ्या. त्यांनी काय लिहिलंय ते पुढच्या पत्रात कळवलंत तर मला फार आवडेल.